विश्वास आणि नीतिमत्त्व: बायबल अभ्यासात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पतसंस्थेत २७ वर्षं हिशेब लिहून झाल्यावर आता दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात बसते. अभ्यास संपतो, चहा होतो आणि मग दाराशी चपला घालता घालता कुणीतरी हळूच म्हणतं, "बाई, एक विचारू का?" खरे प्रश्न तिथे येतात. खालचे सगळे प्रश्न त्या दारातलेच आहेत. मी पाळक नाही. पण हे प्रश्न माझेही होते आणि त्यांच्यासाठी मी रात्री जागवल्या आहेत.

नीतिमत्त्व म्हणजे चांगली वागणूकच ना?

मराठीत 'नीती' म्हटलं की डोळ्यांसमोर सदाचार येतो. खोटं बोलू नये, दारू पिऊ नये, कुणाचं लुबाडू नये. हे सगळं त्यात येतं, पण शब्द त्याहून मोठा आहे. जुन्या करारातला इब्री शब्द आहे 'त्सेदाका'. तो नात्याशी बांधलेला आहे. ज्या नात्यात आपण उभे आहोत, त्या नात्याला खरं उतरणं म्हणजे त्सेदाका.

उत्पत्तीचा ३८वा अध्याय संडे स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही, पण हा अर्थ तिथे लख्ख दिसतो. तामारेचा नवरा वारला, दीर वारला. धाकट्या मुलाशी तिचं लग्न लावून देण्याचं वचन तिच्या सासऱ्याने, यहूदाने, दिलं आणि मोडलं. मग वेश बदलून यहूदापासूनच मूल मिळवण्यासाठी तामारेने जे केलं ते ऐकून आजही कुणाच्या भुवया उंचावतील. तरी सगळं उघड झाल्यावर यहूदा म्हणतो की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. घराण्याचं नातं तिने धरून ठेवलं होतं, त्याने सोडलं होतं.

दुसरा धागा न्यायालयाचा. न्यायाधीश एखाद्याला 'निर्दोष' ठरवतो, तेव्हा त्या माणसाचा स्वभाव त्या क्षणी बदलत नाही, त्याचं स्थान बदलतं. नव्या करारातली अनेक पत्रं लिहिणारा पौल 'नीतिमान ठरणे' म्हणतो तेव्हा हा अर्थ त्याच्या मनात असतो. देवासमोर आपण कोणत्या जागी उभे आहोत, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. वागणुकीचा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो.

देव आहे हे मी मानतो. मग तो विश्वास झाला की नाही?

नव्या करारात ज्याचं एक पत्र आहे तो याकोब यावर फार कडक आहे. देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं तो दुसऱ्या अध्यायात म्हणतो.

इब्री भाषेत 'विश्वास' आणि 'आमेन' एकाच धातूतून येतात. त्या धातूत पक्केपणा आहे, भार टाकला तरी न हलणं आहे. निर्गमाच्या १७व्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशे टेकडीवर हात वर करून उभा असतो. हात दुखू लागतात, खाली येतात. मग त्याला बसायला दगड देतात आणि अहरोन व हूर दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात 'स्थिर' राहिले असं तिथे लिहिलं आहे. तिथला इब्री शब्द आहे 'एमुना'. हबक्कूक २:४ मध्ये "नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल" असं आपण वाचतो, तिथेही हाच शब्द आहे.

मला त्या चित्राचा फार आधार वाटतो. मोशेचे हात स्वतःच्या ताकदीवर स्थिर नव्हते. दोघांनी धरले होते म्हणून ते स्थिर होते. विश्वास म्हणजे आपला भार दुसऱ्यावर टाकणं, आणि प्रत्येक 'आमेन'मध्ये आपण तेच बोलत असतो.

'विश्वास नीतिमत्त्व असा गणण्यात आला' यातल्या 'गणण्यात आला' चा नेमका अर्थ काय?

या प्रश्नाला मी मुद्दाम जास्त वेळ देते.

उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात अब्राम म्हातारा आहे, मूलबाळ नाही. रात्री देव त्याला तंबूबाहेर आणतो आणि म्हणतो, मोजता येत असतील तर तारे मोज, तुझी संतती इतकी होईल. त्या रात्री अब्रामाने अजून काहीच केलेलं नाही. यज्ञ त्यानंतर होतो. तो फक्त विश्वास ठेवतो, आणि परमेश्वर ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व म्हणून गणतो.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हे एकच वाक्य हातात घेऊन बसतो. 'गणणे' या अर्थाचं ग्रीक क्रियापद त्या एका अध्यायात ११ वेळा येतं. तो हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. कुणाच्या खात्यावर काय मांडलं, त्याचा. पौल म्हणतो, काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नसते, ते देणं असतं. पण जो काम दाखवत नाही आणि अधर्म्याला नीतिमान ठरवणाऱ्या देवावर विश्वास ठेवतो, त्याच्या खात्यावर नीतिमत्त्व जमा होतं.

आमच्या पतसंस्थेत एक विधवा बाई दर महिन्याला यायची. नवऱ्याने काढलेलं कर्ज होतं. व्याज भरता भरता ती थकली होती, मुद्दल तसंच होतं. एका दुपारी तिचा भाऊ आला, काउंटरवर रोकड मोजली आणि सगळी बाकी भरून गेला. मी खतावणी उघडली, तिच्या नावाच्या पानावर जमेच्या बाजूला रक्कम लिहिली, खाली बाकी 'निरंक' लिहिली. पैसे कुणाच्या खिशातून आले हे विचारायला वहीत रकानाच नसतो. पुढच्या महिन्यात ती सवयीने पदराच्या गाठीत पैसे बांधून आली. मी तिला पान दाखवलं. तिने त्या 'निरंक'वर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

रोमकरांस ४ मला त्या दिवशी कळला. त्याआधी मी तो अनेकदा वाचला होता.

पौलाने स्वतः हे फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात केलं आहे. अनेसिम हा फिलेमोनाचा दास, पळून आलेला. त्याला परत पाठवताना पौल लिहितो की त्याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. वधस्तंभावर काय झालं हे समजून घ्यायचं तर या ओळीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

पण दोषी माणसाला निर्दोष ठरवणं हा अन्याय नाही का?

हा प्रश्न एका निवृत्त शिरस्तेदारांनी विचारला, आणि त्यांचा आक्षेप पूर्ण शास्त्राला धरून आहे. नीतिसूत्रे १७:१५ सांगतं की दुर्जनाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. मग देव स्वतःच अधर्म्याला नीतिमान कसा ठरवतो?

पौलाला ही अडचण ठाऊक होती. रोमकरांस ३:२५-२६ मध्ये तो म्हणतो की देवाने ख्रिस्ताला प्रायश्चित्त म्हणून पुढे ठेवलं, ते यासाठी की त्याने नीतिमान असावं आणि विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावं. दोन्ही एकाच वेळी. देवाने पाप डोळ्याआड केलं नाही. बाकी भरली गेली, आणि भरणारा तोच होता. क्षमा फुकट मिळते हे खरं, पण ती स्वस्त होती असं कुणी समजू नये. गुड फ्रायडेला तीन तास आपण काय ऐकत बसतो, तर ती किंमत.

पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो कृतींनी. खरं कुणाचं मानायचं?

दोघांचंही. पण घाईने 'दोघं एकच म्हणतात' असं उत्तर दिलं तर प्रश्न विचारणाऱ्याची फसवणूक होते, कारण शब्द उघड उघड समोरासमोर उभे आहेत. रोमकरांस ३:२८ म्हणतं, नियमशास्त्रातील कर्मांवाचून विश्वासाने. याकोब २:२४ म्हणतं, केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरला हे इतकं खटकलं की १५२२च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं. लूथरबद्दल मला आदर आहे, पण इथे तो चुकला असं मी स्वच्छ सांगते.

दोघांनीही अब्राहामाचं उदाहरण घेतलं आहे, पण त्याच्या आयुष्यातले दिवस वेगळे आहेत. पौल उभा आहे त्या ताऱ्यांच्या रात्री, १५व्या अध्यायात. याकोब उभा आहे मोरिया डोंगराच्या वाटेवर, २२व्या अध्यायात, जिथे अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाला, इसहाकाला, अर्पण करायला निघाला होता. इश्माएल झाला तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा होता, आणि ताऱ्यांची रात्र त्याच्याही आधीची. इसहाक झाला तेव्हा तो १०० वर्षांचा. मोरियाला जाताना तोच इसहाक होमाची लाकडं स्वतः वाहण्याएवढा मोठा झाला होता. म्हणजे मध्ये पंधरा वर्षांहून बराच जास्त काळ गेला. रात्री जो विश्वास ठेवला होता तो जिवंत होता की नाही, हे त्या डोंगरावर दिसलं.

त्यांचे श्रोतेही वेगळे आहेत. पौलापुढे असे लोक आहेत जे म्हणतात, सुंता करा, मगच देव तुम्हाला आपलं म्हणेल. त्यांना तो दाखवतो की सुंतेची आज्ञा १७व्या अध्यायात येते, तेव्हा अब्राहाम ९९ वर्षांचा होता आणि नीतिमान गणला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. याकोबापुढे असा माणूस आहे जो उघड्या, उपाशी बहिणीला "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो" म्हणतो आणि हात रिकामाच ठेवतो. या माणसाला पौल भेटला असता तर त्यानेही सोडलं नसतं. गलतीकरांस ५:६ मध्ये त्याने लिहून ठेवलंच आहे की प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास हवा.

सगळं कृपेनेच होणार असेल तर कसंही वागलं तरी चालेल?

हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. रोमकरांस ६च्या सुरुवातीला त्याचं उत्तर आहे, "कधीच नाही!"

मी जक्कयाची गोष्ट काढते. येशूला बघायला तो झाडावर चढला होता. येशू त्या झाडाखाली थांबला, तुझ्या घरी मला उतरायचं आहे म्हणाला, आणि लोक कुरकुरले. त्या क्षणापर्यंत जक्कयाने एक पैसाही परत केला नव्हता. पाहुणा घरात आल्यावर त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत द्यायचं जाहीर केलं. तो जकातवाल्यांचा प्रमुख होता, म्हणजे कुणाचं किती बुडवलं याचा हिशेब त्याला पाठ असणार. कृपेने त्याला बेफिकीर केलं नाही. ज्यांना लुबाडलं त्यांच्या दारात जायला लावलं.

म्हणून कुणी प्रभुभोजन घेतो आणि भावाची जमीन दडपून बसतो, तेव्हा 'मी विश्वासाने नीतिमान आहे' हे वाक्य त्याने जपून उच्चारावं.

चर्चला नियमित जातो, दशांश देतो, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, उपास करतो. याला काहीच किंमत नाही?

आहे, प्रेमाची किंमत आहे. तराजूत टाकायला गेलात की ती जाते.

आपल्या भाषेतच पुण्य गाठीशी बांधलं जातं, पदरी पडतं, साठतं. हे शब्द आपण आईच्या दुधाबरोबर घेतले आहेत, त्यामुळे ख्रिस्ती घरातही पुण्याची गाठ हळूच बांधली जाते. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, वाईट नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, आणि हे सगळं खरं. आज तो आमच्या मंडळीत असता तर आम्ही त्याला खजिनदार केलं असतं. त्याची प्रार्थना देवाचे आभार मानून सुरू होते, मग वळून जकातदाराकडे बघते. जकातदार दूर उभा राहतो, ऊर बडवतो आणि फक्त दया मागतो. येशू म्हणतो, नीतिमान ठरून घरी गेला तो हा.

पौल स्वतः परूशी होता. फिलिप्पैकरांस ३ मध्ये तो आपली सगळी जमेची बाजू मांडतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राप्रमाणे निर्दोष. मग ती सगळी रक्कम तो तोट्याच्या रकान्यात लिहितो, कारण त्याला ख्रिस्त मिळाला. हिशेबनीस म्हणून सांगते, अशी नोंद करायला हात थरथरतो.

बाप्तिस्मा झाला, म्हणजे हे सगळं झालं ना?

पंडिता रमाबाईंचा १८८३मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. एवढी विदुषी, संस्कृतात पारंगत, समजून-उमजून पाऊल उचललेली. पुढे त्यांनी आपल्या साक्षीत प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त स्वतः सापडला नव्हता. तो सापडायला आणखी काही वर्षं जावी लागली. पापाची क्षमा आपल्या प्रयत्नाने मिळवायची नसून ती आधीच देऊ केलेली आहे, हे त्यांना त्या काळात उमगलं.

आणि मग त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपासमारीने खंगलेल्या मुलींना आणलं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि मूळ भाषांतून मराठी बायबलचं भाषांतर त्या आयुष्याच्या शेवटापर्यंत करत राहिल्या. १९२२मध्ये त्या गेल्या. पौल आणि याकोब यांचं भांडण आहे असं कुणी म्हटलं की मी केडगावचं नाव घेते.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं यावर अजून भांडण आहे का?

आमच्या नगरकडच्या प्रॉटेस्टंट मुलीची सोयरीक वसईच्या कॅथलिक घरात ठरली की हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात सांगते. लूथर आणि रोम यांच्यातल्या मतभेदाचा गाभा हाच विषय होता. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५४७मध्ये सांगितलं की नीतिमान ठरवणं म्हणजे नुसती पापक्षमा नव्हे, आतून नवं होणंही त्यात आलं. प्रॉटेस्टंट म्हणत होते की ठरवणं वेगळं आणि नवं होणं वेगळं, जरी दोन्ही सोबतच मिळतात.

३१ ऑक्टोबर १९९९ला जर्मनीत आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी एक संयुक्त घोषणापत्र सही केलं. आपल्या कुठल्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून कबूल केलं. पुढे २००६मध्ये मेथडिस्ट आणि २०१७मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघटनाही त्यात आल्या. सगळे मतभेद मिटले असं नाही. पण व्याह्यांनी एकमेकांना 'हे खरे ख्रिस्ती नाहीत' म्हणायचे दिवस गेले, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

माझा विश्वास फार कमी आहे. मी कसली नीतिमान?

मार्क ९ मधला बाप आठवा. मुलाला लहानपणापासून झटके येतात, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांनी हात टेकले आहेत. तो ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एका श्वासात दोन्ही. येशू त्याला परत पाठवून 'आधी विश्वास वाढवून ये' म्हणत नाही. मुलाचा हात धरून त्याला उठवतो.

आपल्याकडचे जुने लोक माकडिणीचं पिल्लू आणि मांजरीचं पिल्लू यांचा दाखला देत. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला गच्च धरून असतं. मांजर आपलं पिल्लू तोंडात धरून नेते. मोहरीएवढा विश्वास पुरतो असं येशू म्हणतो, ते मला मांजरीच्या पिल्लासारखं वाटतं. पकड देवाची आहे. स्वतःचा विश्वास रोज मोजत बसलात तर नजर स्वतःवर राहील, आणि तिथे बघण्यासारखं फारसं काही नसतं.

प्रार्थना करूनही आजार बरा झाला नाही. विश्वास कमी पडला का?

नाही. आणि असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते कृपा करून मनातून काढून टाका.

माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला, जीभ जड झाली. घरी प्रार्थनेला आलेल्या एका पाहुण्या बंधूंनी त्यांच्या उशाशी उभं राहून सांगितलं, "विश्वास पक्का असता तर आजी उठून बसल्या असत्या." ते गेले. रात्री मी त्यांना पाणी पाजत होते तेव्हा त्या अडखळत म्हणाल्या, "माझा कुठं कमी पडला गं?" साठ वर्षं पहाटे उठून गुडघ्यावर बसलेली बाई.

मी त्या रात्री त्यांना तीन जागा वाचून दाखवल्या. पौलाने आपल्या शरीरातला 'काटा', म्हणजे एक त्रास, जावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला तो पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, त्याच्या विश्वासाची झाडाझडती घेत नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी त्याच्या सोबत्याबद्दल एक साधी ओळ आहे, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवले. ती ऐकून सासूबाई डाव्या हाताने माझा हात दाबून म्हणाल्या, "पौलालाबी ठेवून जावं लागलं." त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

डॉक्टरकडे जा, गोळ्या वेळेवर घ्या, प्रार्थनाही करा.

घरी वाचायला कुठून सुरुवात करू?

आधी उत्पत्ती १५, जमलं तर रात्री गच्चीवर बसून. मग रोमकरांस ३:२१ पासून ५व्या अध्यायाच्या ११व्या ओवीपर्यंत, मोठ्याने, दोनदा. मग याकोब २. शेवटी फिलेमोनाला पत्र, ते २५ ओव्यांचं आहे, चहा निवायच्या आत वाचून होतं. वाचताना अडलं तर तिथे पेन्सिलीने खूण करा आणि गुरुवारी वही घेऊन या.